जास्तीची कणीक

या, असे पुढे सरकून बसा. महाराजांची गाडी आत्ता कुठे निमगाव केतकी सोडून पुढे आली म्हणतात. टाळकरी उभे राहायला अजून अर्धा-पाऊण तास तरी आहे. मघाशी तुम्ही विचारलंत, एवढी लाल-हिरवी मॅट अंथरली आणि मागच्या रांगेतला हा एकच चौकोन उघडा कसा राहिला, कमी पडली की काय? कमी नाही पडली. तो चौकोन मुद्दाम उघडा ठेवलाय. त्याचीच गोष्ट सांगतो. ऐकून मग कीर्तनाला बसलात, तर पखवाज तुम्हाला जरा वेगळा ऐकू येईल, एवढं कबूल करतो.

तर, गिरणी चालू होती.

वेशीजवळची पत्र्याची खोली, पट्टा फाडफाड वाजतोय, बाया डबे घेऊन रांगेत, आणि मधोमध आमचे सोपानतात्या. पापण्यांवर पीठ, मिशीवर पीठ. दारात एक कॉलेजची मुलगी हातात कागद धरून उभी होती. निकिता तिचं नाव. पणदऱ्याची. बारामतीच्या एका कॉलेजातली पन्नास मुलंमुली त्या वर्षी सप्ताहाच्याच आठवड्यात सात दिवसांच्या शिबिराला इथे आमच्या कळसला आली होती, शाळेच्या खोल्यांत उतरली होती. सकाळी शोषखड्डे खणायचे आणि दुपारी घरोघर जाऊन माणसांच्या तब्येतीचे फॉर्म भरायचे. मुलगी हुशार, पण बोलायची ती हनुवटी छातीला लावून. कॉलेजात तिचे सर म्हणायचे, "निकिता, तुझं उत्तर तुझ्या ओढणीला ऐकू जातं, मला नाही."

"तात्या, बीपी हाय का?" तिने कागदाकडे बघत विचारलं.

"ठेव तितं. बारीक का भरड?"

"दळण न्हाय, फॉर्म हाय!"

तात्यांनी कागद पाहिला, हसले, आणि हो म्हणून मान हलवली. तिने एकेक रकाना विचारला आणि तात्यांनी एकेक मान हलवली. साखर आहे? हलली. नीट दिसतं? हलली. नीट ऐकू येतं? तीही हलली. निकिताने चारही ठिकाणी 'होय'वर खूण केली आणि बाहेर आली.

बाहेर तात्यांच्या मंडळी, प्रयागबाई, सुपात गहू पाखडत बसल्या होत्या. त्यांनी कागद मागून घेतला आणि चष्मा वर करून वाचला.

"साखर? ह्यास्नी? अगं, च्यात तीन चमचं घालून वर गूळ खात्यात! खोड ते. बीपी बी न्हाय. कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच मान हलवली, मावशी."

"मान काय, गिरणी चालू असली की मान बी हलती आन् मिश्या बी हलत्यात." प्रयागबाई हसल्या. मग त्यांचं बोट 'ऐकू येते का' या रकान्यावर आलं आणि तिथेच थांबलं. "ह्ये ऱ्हाऊ दे तसंच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप घोळवायला लागल्या.

आता तुम्हाला सांगतो, त्या मुलीला जे ठाऊक नव्हतं ते. सोपानतात्यांना ऐकू येत नव्हतं. पस्तीस वर्षं त्या पट्ट्याशेजारी उभं राहून दोन्ही कान गेले होते. पण गिरणीत ते कुणाला कळणार? गिरणीत सगळेच बहिरे. बाई पाच बोटं दाखवते, म्हणजे पाचला दळण न्यायला येते. चिमूट चोळून दाखवते, म्हणजे बारीक. दगड नीट लागलाय की नाही ते तात्या कानाने कधीच ठरवत नसत. तळहाताखाली पीठ धरायचे आणि पाय जमिनीला लावून ठेवायचे. गिरणीतून बाहेर आले की माणसाच्या ओठांकडे बघायचे आणि कमी बोलायचे. सप्ताहात माळ घातलेला माणूस कमी बोलला तर लोक त्याला मोठा समजतात, बहिरा समजत नाहीत. घरात प्रयागबाई पाय आपटायच्या. एकदा आपटला की इकडे बघा, दोनदा आपटला की जेवायला या.

आणि हे तात्या एकतीस वर्षं टाळकरी होते. इथंच, या चौथऱ्यावर, मागच्या रांगेत उजवीकडून दुसरे.

तुम्ही म्हणाल, बहिरा माणूस कीर्तनात ताल कसा धरणार? मी पुढच्या ओळीत बसून एवढी वर्षं ऐकतोय, मलाही पत्ता लागला नव्हता. हा चौथरा लाकडी आहे, सागवानी फळ्यांचा, आतून पोकळ. त्या कोपऱ्यात रामहरी पखवाज घेऊन बसतो. त्याची डाव्या हाताची थाप पडली की पोकळीतून ती फळीफळीत फिरते. तात्या अनवाणी उभे राहायचे आणि ती थाप टाचेतून वर घ्यायचे. अभंग कोणता लागला ते सुरुवातीला रामहरीच्या तोंडाकडे बघून ओळखायचे, आणि मग डोळे मिटायचे. डोळे उघडे ठेवून शेजाऱ्याच्या हातावर ताल धरता आला असता की. पण ते बघून केलेलं काम झालं असतं. डोळे मिटल्यावर आतून जे भरून येतं, ते मग आलं नसतं. माणूस दिवसभर पिठात राबतो तो त्याच घटकेसाठी.

त्यांची आणखी एक सेवा होती. कीर्तनाआधी घरून मूठभर गव्हाचं पीठ फडक्यात बांधून आणायचे आणि रामहरीपुढे ठेवायचे. पखवाजाच्या डाव्या बाजूच्या कातड्यावर ओली कणीक थापावी लागते, तेव्हा तो घुमतो. ती कणीक तात्यांच्या पिठाची.

शिबिराचा चौथा दिवस. मुलांनी देऊळ धुवायला काढलं. चौथरा घासताना निकिताच्या तळहातात लाकडाचं हे एवढं कुसळ गेलं. तिने वाकून फळ्या बघितल्या. जागोजागी कुसळं, दोन ठिकाणी खिळ्यांची डोकी वर आलेली. म्हातारी माणसं थंडीत यावर अनवाणी दोन-दोन तास उभी राहतात, हे तिच्या मनाला लागलं. त्यांच्या कॉलेजात कबड्डीची मॅट होती, नवी आल्यामुळे अडगळीत पडलेली. एकमेकांत दात अडकवून बसवायचे जाड चौकोन. तिने सरांना विचारलं, तेही कसं, तर चिठ्ठी लिहून. सरांनी फोन केला. संध्याकाळपर्यंत टेम्पो आला आणि मुलांनी चौथरा असा काही सजवला की बघत राहावं.

गाव खूश. सप्ताहाचं सगळं बघणारे मानसिंगराव तर दोनदा चालून बघून आले. "आयला, गादीच झाली! ह्या वर्षी कीर्तन मोबाइलवर लाइव्ह दिसणार हाय, रंग बी कसा उठून दिसतोय बघा!"

म्हातारे टाळकरी मॅटवर चढले आणि पोरासारखे जागच्या जागी नाचून बघायला लागले. निकिता खांबाआड उभी राहून हसत होती. आपल्या मनात आलेली गोष्ट दुसऱ्याच्या पायाखाली जाऊन सुखाची होते, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

त्या संध्याकाळी कीर्तन रंगलं. गजर चढत गेला, टाळकरी ठेक्यावर पावली खेळायला लागले. मग महाराजांनी हात वर केला. पखवाज थांबला, वीस टाळ एका क्षणात थांबले, सगळा मंडप गप्प झाला.

आणि त्या शांततेत एकच टाळ वाजत राहिला. टण्. टण्. टण्.

डोळे मिटलेले, चेहऱ्यावर हसू, तात्या आपले गजरातच होते. शेजाऱ्याने कोपर मारलं तेव्हा डोळे उघडले. बायकांत खसखस पिकली. मोबाइल धरलेला पोरगा तर खाली बसून हसायला लागला. महाराज मोठ्या मनाचे, म्हणाले, "एवढा रंगलेला टाळकरी नशिबाने मिळतो." पण दुसऱ्या गजरात तेच झालं, आणि तिसऱ्यात तात्यांनी टाळ वाजवलाच नाही. नुसता हातात धरून उभे राहिले.

कीर्तन सुटल्यावर मानसिंगराव जवळ आले. माणूस वाईट नाही. तात्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तात्या, वय झालं आता. काल्याच्या दिवशी खाली बसा, पुढं, खुर्ची टाकतो. तुमच्या जागी आमचा पोरगा दिग्विजय उभा ऱ्हाईल."

तात्यांनी ओठ वाचले. मान हलवली. टाळ गळ्यातून काढून खुंटीला लावला आणि चपला हातात घेऊनच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकिता शिबिराचं बाजरीचं दळण घेऊन गिरणीत आली. वीज गेलेली. गिरणी बंद, खोलीत तिने कधी न ऐकलेली शांतता. तात्या पाठमोरे, छिन्नीने दगडाला टाकी लावत होते.

"तात्या, दळण आणलंय." तिने हळू आवाजात सांगितलं. तात्या वळले नाहीत. तिला वाटलं, नेहमीप्रमाणे आपलाच आवाज गिळला. म्हणून जरा मोठ्याने म्हणाली. तरी नाही. तेवढ्यात तिच्या हातून डब्याचं झाकण निसटलं आणि फरशीवर खणाखणा गरगरत गेलं. रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा उठून उभं राहिलं. तात्यांची टाकी मात्र एका लयीत चालू होती.

आतल्या दारात प्रयागबाई आल्या. त्यांनी मुलीकडे पाहिलं, झाकणाकडे पाहिलं, आणि पाय आपटला. तात्या लगेच वळले.

निकिता पुढे गेली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून, ओठ नीट हलवून बोलली, "तात्या, मॅट आमी टाकली म्हणून झालं का हे?"

तात्यांनी तिच्या ओठांकडे निरखून पाहिलं. "पाट? जेवायचा पाट? पाटाचं काय?"

"मॅट! मॅट!"

"पोरी, प, ब आन् म, तिन्ही ओठावर एकसारखीच दिसत्यात. बाजरी म्हनलीस काय आन् माजरी म्हनलीस काय, मला एकच. हातानं दाव."

तिने खाली बघून पाय दाखवले, हाताने चौकोन काढला. तात्यांना कळलं, आणि त्यांनी हातातली छिन्नी खाली ठेवली.

"तू चांगलंच केलंस गं. म्हाताऱ्यांच्या पायांस्नी बरं वाटलं. मला तेवढं फळीतनं येतं त्ये यायचं बंद झालं." मग एकदम घाबरून म्हणाले, "ह्ये तुझ्या फार्मात लिव्हू नको. गावात कळलं की माझी जागा कायमची गेली बघ. खुर्चीत बसून काय ऐकू मी? खुर्चीतनं काय बी येत न्हाय."

"न्हाय लिहीत," निकिता म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते आणि ते ओठांवरही दिसलं असावं.

"रडू नको. हितं हात ठेव." वीज आली होती. त्यांनी गिरणी सुरू केली आणि तिचा तळहात चौकटीवर दाबून धरला. "डोळं मीट. आता बाजरी टाकतो. कळतंय, दगड जड झाला? आता सरत आली... हलकं लागलं का न्हाय?"

निकिता डोळे मिटून उभी होती. तिला कळत होतं. पाच दिवस तिने एवढे फॉर्म भरले, पण माणसाचं ऐकणं काय असतं ते त्या चौकटीवर हात ठेवून तिला समजलं.

काल्याच्या, म्हणजे सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी सकाळी लवकर ती एकटी मंडपात आली. उजवीकडून दुसरी जागा मोजली आणि तिथला हिरवा चौकोन उचकटायला लागली. दात घट्ट बसले होते, नखं दुखली. निघाला तेवढ्यात मानसिंगराव पुढ्यात.

"ए, ए, काय करतीस? चांगली मॅट का उकरलीस?"

बघा हं, वचन दिलेलं, सांगता येत नाही. आणि बोलायची सवय नाही. आधीची निकिता असती तर चौकोन परत बसवून पळून गेली असती. ती उभी राहिली, मानसिंगरावांच्या समोर तोंड केलं, आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं म्हणाली, "काका, हा एक चौकोन उघडा ऱ्हाणार."

"का म्हणून? लाइव्हमधी भोक दिसल की!"

"दिसू दे. मॅट आमी आणली, चुकीची टाकली. ती नीट करून मगच आमी गाव सोडणार."

"आगं पण का?"

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. रामहरी पखवाजाची दोरी ओढत बसला होता, कुणाचं लक्षच नव्हतं. "पोरगी बरोबर बोलतीया, मानसिंगराव. मॅट पखवाजाचा घुमारा खाती. दोन दिस झालं, मी सांगणारच हुतो. नाद खालनं फिराया एक जागा उघडी पायजे. आन् ती तितंच पायजे, माझ्या डाव्या हाताच्या समोर."

पखवाजवाल्याने सांगितल्यावर वर कोण बोलणार? "मग आदी सांगायचं की रामहरी!" म्हणत मानसिंगराव लाइव्हची वायर बघायला गेले.

निकिता कोपऱ्यात जाऊन बसली. रामहरी कणीक मळत होता.

"काका, खरंच घुमारा जातो?"

"थोडा जातो." त्याने तिच्याकडे न बघताच सांगितलं. "अकरा वरसं झाली मला कळून. एकदा गजरात माझा पखवाज फुटला, बाकीचं टाळ वाजतच ऱ्हायलं आन् तात्या तेवढा थांबला, तवाच कळलं त्येला ऐकू येत न्हाय. तवापासनं मी कणीक जरा जास्तच लावतो. डावा हात जरा जड टाकतो. अभंगाचा पैला शब्द तोंड उघडून म्हणतो. लोक म्हणत्यात रामहरी तोंड वासतो. वासू दे."

"तात्यांना ठाऊक हाय?"

"न्हाय. आन् तू बी सांगू नको. त्येला वाटतंय त्यो आपल्या पायानं ऐकतोय. आन् खरंच ऐकतोय की. मी जरा जास्तीची कणीक लावतो, एवढंच."

म्हणजे एका मुलीच्या ओटीत दोन म्हाताऱ्यांची दोन गुपितं पडली. ती उठली आणि तात्यांच्या घरी गेली. दोनदा पाय आपटला. तात्या जेवायला म्हणून बाहेर आले तर दारात ही. तिने हवेत चौकोन काढला, तो उचलल्याची खूण केली आणि मंडपाकडे बोट दाखवलं.

काल्याच्या कीर्तनाला मी पुढेच होतो. दिग्विजय टाळ घेऊन उभाच होता, रामहरीने त्याला खुणेने खाली बसवलं आणि तात्या चौथऱ्यावर चढले. सगळ्यांचे पाय मॅटवर, यांचे दोन पाय तेवढे उघड्या फळीवर. रामहरीने थाप टाकली आणि मी पाहिलं, तात्यांच्या पायाची बोटं आत वळली, जमीन धरल्यासारखी. डोळे मिटले. गजर असा चढला की दहीहंडीखालची पोरंसुद्धा गप्प झाली. महाराजांनी हात वर केला. एकवीस टाळ थांबले. एकवीस. एकही मागे राहिला नाही.

महिला मंडळाजवळ उभी असलेली ती मुलगी तोंडाला ओढणी लावून रडत होती. मला त्या वेळी कारण कळलं नाही. वाटलं, शिबिर संपलं म्हणून असेल.

पुढच्या वर्षी कॉलेज पुन्हा आलं. या वेळी कान तपासायचं यंत्र आणि तपासणारी डॉक्टरीणबाई घेऊन. निकितानेच सगळं जमवलं होतं, आणि ते जमवायला आठ ठिकाणी उभं राहून बोलली होती म्हणे. माइक तिनेच हातात घेतला. "गिरणीवाले, ट्रॅक्टरवाले, ऊसतोडणीच्या मशिनवर बसणारे, लग्नात डीजे लावणारे, सगळ्यांनी यायचं. एकट्या-दुकट्याचं नाव न्हाय, सगळ्यांचंच आवाजाचं काम हाय." साठ माणसं रांगेत बसली. निम्म्यांचे कान कमी निघाले, मानसिंगरावांचा डावा धरून! त्या गर्दीत तात्याही तपासून गेले, कुणाला वेगळं वाटलं नाही.

पुढे तात्यांना ऐकायचं यंत्र मिळालं, ते कानात घातलं तेव्हा समोर प्रयागबाई होत्या. तात्या वीस वर्षांनी त्यांचा आवाज ऐकत होते. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि म्हणाले, "एवढं बोलतीस तू?"

"आता तुमास्नी कळलं," प्रयागबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोलतच होत्या.

पण कीर्तनाला चढताना तात्या यंत्र काढून खिशात ठेवायचे. म्हणायचे, यंत्रात पखवाज पत्र्याच्या डब्यावाणी वाजतो. आणि या चौकोनात उभे राहायचे.

निकिता आता नोकरीला आहे, कान गेलेल्या लहान मुलांच्या शाळेत. पोरांसमोर उकिडवी बसते आणि मान वर करून बोलते. मागच्या सप्ताहाला आली तेव्हा ही दोन गुपितं तिनेच मला सांगितली. आता सांगायला हरकत नाही म्हणाली.

हरकत नाही, कारण तात्या त्याआधीच्या श्रावणात गेले.

मानसिंगरावांनी तो हिरवा चौकोन गिरणीतून परत आणून बसवायचा म्हटलं. उचकटल्यापासून तो तिथेच होता, त्यावर दळणाला आलेल्या बाया बसायच्या. प्रयागबाई म्हणाल्या, "बायांस्नी बसू द्या तितं." विषय संपला.

हा बघा, रामहरी येऊन बसला. समोर फडकं दिसतंय ना, मूठभर पिठाचं? प्रयागबाईंनी धाडलंय. आता बघा तो कणीक केवढी घेतो. एवढी कुणी लावत नाही. गेल्या सप्ताहात मी विचारलं त्याला, आता कुणासाठी? म्हणाला, "हाताला सवय हाय."

महाराज आले. उठा, टाळ वाजायला लागतील. एवढंच मागतो तुमच्याकडे. पहिली थाप पडेल तेव्हा चपला काढून पाय जमिनीला नीट लावा, क्षणभर डोळे मिटा, आणि कळसच्या सोपानतात्यांची आठवण काढा.